आतून गुळगुळीत

१६ नोव्हेंबर, रविवार

आज पुन्हा तेच. पन्नास मीटरवर, झोपून, पाच-पाच गोळ्यांचे आठ ग्रुप मारले. एकही घरी दाखवण्यासारखा नाही. नवऱ्याने विचारलं, "कसं झालं?" म्हटलं, "थंडी होती." थंडी होतीच, रेंजवर बोटं वळत नव्हती. पण थंडीने गोळ्या एकीखाली एक, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या लागत नाहीत.

पावसाळ्याआधी हीच पॉइंट टू टू रायफल पाचही गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकून द्यायची. आता कटिंग चहाचा ग्लास लागतो.

मधल्या काळात घडलं ते एवढंच: जुलैत स्टॉकला, म्हणजे लाकडी दस्त्याला, चीर गेली. ग्रिपच्या मागे, जिथे दस्ता सगळ्यात बारीक होतो तिथे. अक्रोडाचं जुनं लाकूड, आणि नाशिकचा पाऊस यंदा काही सुटता सुटेना. पंचवटीत एक मिस्त्रीकाका आहेत, देव्हारे आणि जुन्या वाड्यांची दारं करतात, त्यांच्याकडे दिला. म्हणजे नुसतं लाकूड दिलं. लोखंड घरी कुलपात. लायसन्स माझ्या नावावर आहे, त्यांच्या नाही, आणि शस्त्र कायद्यापुढे "काका विश्वासू आहेत" याला काही अर्थ नसतो.

काकांनी चीर अशी बुजवली की मलाच शोधावी लागली. वर लाखेचं पॉलिश. देताना म्हणाले, "ताई, आतूनपण घासून गुळगुळीत करून दिलंय." मी दोनदा थँक्यू म्हटलं.

२३ नोव्हेंबर

आठवडाभर स्वतःलाच दोष देऊन झाला. या खेळात पहिल्या दिवसापासून हेच शिकवतात: गोळी बाहेर गेली तर आधी स्वतःकडे बघ. श्वास, खांद्यावरचा दाब, गालाची जागा, ट्रिगरवरचं बोट. शेहेचाळीस पूर्ण झाली, म्हणजे डोळेही संशयितांच्या यादीत आले. कॉलेज रोडला जाऊन नंबर तपासून आले. पाव नंबर वाढलाय. पाव नंबराने गोळी वीस मिलीमीटर खाली जाते, असं मनाला पटवायचा प्रयत्न केला. पटलं नाही.

कंपनीत विचारतातच, "काय मॅडम, कधी मेडल?" १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने ४५१.४ गुणांवर ब्राँझ घेतलं, तेव्हा दुपारी कँटीनमध्ये सगळे एका मोबाइलला चिकटले होते. त्या दिवसापासून मी डिपार्टमेंटची नेमबाज. त्याचा प्रकार थ्री पोझिशन: गुडघ्यावर, झोपून, उभं राहून. मी फक्त झोपून. पुरुषांचं नुसतं प्रोन, म्हणजे झोपून मारायचं, तर रिओनंतर ऑलिंपिकमधून काढूनच टाकलं. हे सांगितलं की समोरचा म्हणतो, "मग झोपून मारणं सोपंच असेल." दहाचं वर्तुळ १०.४ मिलीमीटरचं असतं. पन्नास मीटरवरून. बोलत नाही मी.

३० नोव्हेंबर

आज अक्कल आली. सातपूरच्या कंपनीत बावीस वर्षं क्वालिटीत काढली. रोज पोरांना ओरडते, "अंदाज नको, माप सांग." आणि घरच्या रायफलीला महिनाभर नुसता अंदाज लावत बसले.

बोल्ट काढला, चेंबर रिकामा आहे हे दोनदा पाहिलं, रायफल डायनिंग टेबलावर. आधी कागदाची पट्टी. बॅरल स्टॉकच्या खाचेत कुठेही टेकायला नको. पट्टी पुढून सरकवली की थेट ॲक्शनपर्यंत, म्हणजे बोल्ट ज्यात बसतो त्या लोखंडी भागापर्यंत, जायला हवी. मधेच अडकली. उजवीकडे बॅरल लाकडाला घासतंय.

गोळी बॅरलमध्ये असते काही मिलिसेकंद. तेवढ्यात बॅरल थरथरतं आणि दर वेळी ते सारखंच थरथरलं तर गोळ्या एका जागी जातात. पॉइंट टू टूची गोळी हळू, मॅचची काडतुसं तर आवाजाच्या वेगाखालीच. त्यामुळे ती जास्त वेळ आत रेंगाळते आणि बॅरलने काय चाळे केले ते सगळं सोबत घेऊन बाहेर पडते. बॅरल लाकडाला टेकलेलं असलं की ऊन लागलं, दव पडलं, पट्टा थोडा जास्त ओढला गेला, प्रत्येक गोष्टीचा हिशोब टार्गेटवर.

मग कंपनीतून आणलेला डायल, मिलीमीटरचे शतांश मोजणारा. मॅग्नेटिक स्टँड बॅरलवर, डायलची पिन स्टॉकच्या टोकाला. ॲक्शन लाकडाला धरणारे स्क्रू दोन. पुढचा ढिला केला तर काटा अठरा शतांश सरकला. पाच शतांशाच्या वर गेला की समजायचं, ॲक्शन लाकडात नीट बसलेली नाही, स्क्रू तिला वाकवून धरतोय. मागचा स्क्रू ढिला केला: काटा जागचा हलला नाही. शून्य. मी खूश. मागची बाजू तरी ठीक आहे!

७ डिसेंबर

ठीक नव्हती. बॅरलची खाच घासून मोकळी केली, रेंजवर नेली. पायऱ्या गेल्या, पण आता दोन-दोन घरटी. तीन गोळ्या इथे, दोन तिथे, मधे बोटभर अंतर.

रात्री भांडी घासताना तो शून्य आठवला. आमच्याकडे एखादं माप शंभर वेळा शून्य-शून्य आलं तर मी आधी गेज तपासायला लावते. काटा हलला नाही, कारण तो स्क्रू काही धरतच नव्हता.

त्या स्क्रूच्या टोकाला मार्करची शाई लावली, आवळला, काढला. टोकाची शाई पुसलेली. माझ्या रायफलीत मागच्या स्क्रूचं भोक आरपार नाही. स्क्रू आत जाऊन तळाला टेकत होता. टॉर्क रेंच कट्ट म्हणून वाजायचा आणि मला वाटायचं, आवळला. आवळला होता, पण लोखंड लोखंडाला. लाकूड आपलं मधे लटकलेलं, दर गोळीला थोडं इकडे, थोडं तिकडे.

आणि स्क्रू अचानक लांब कसा झाला? स्क्रू तेवढाच आहे. लाकूड कमी झालंय. आतून घासून गुळगुळीत. ॲक्शनची बैठक खाली गेली, तिच्याबरोबर बॅरल खाली येऊन खाचेला टेकलं, आणि मागे स्क्रूचं टोक तळाला. चीर, डोळे, थंडी, काही नाही. एका पॉलिश पेपरचं काम.

बैठक किती खोल होती याचं जुलैतलं माप माझ्याकडे नाही. घेतलंच नव्हतं.

१३ डिसेंबर, शनिवार

आधी खात्री केली. अंबडच्या एका टर्नरकडून पातळ वॉशर काढून घेतला, मागच्या स्क्रूच्या डोक्याखाली घातला. काल सुट्टी टाकून दहा गोळ्या मारल्या. दोन घरट्यांचं एक झालं. रोग सापडला.

आज औषध. वॉशरवर कायमचं ठेवायला मन होईना, म्हणून बैठक एपॉक्सीने भरायची ठरवली. ॲक्शनला बूट पॉलिश चोपडलं, नाहीतर ती जन्मभरासाठी चिकटते. भोकं मुलीच्या क्लेने बुजवली (तिने निळी दिली, पांढरी नाही). बॅरलला टेपचे वेढे, म्हणजे ते खाचेत मधोमध आणि पूर्वीच्या उंचीला राहील. एपॉक्सी कालवून बैठकीत, वरून ॲक्शन, स्क्रू नुसते बोटाने. आता आवळले तर ताण तसाच गोठेल.

चोवीस तास थांबायचं. रात्री तीनदा तरी उठून बघणार मी. पॉलिश एका जागी जरी लावायचं राहून गेलं असेल तर उद्या हातोडी आणि रडारड.

१४ डिसेंबर

सुटली! रबरी हातोडीच्या चौथ्या टोल्याला, टक्कन. आत ॲक्शनचा अगदी आरशासारखा ठसा. पुन्हा शाई लावली: टोक कोरडं, शाई जशीच्या तशी. दोन्ही स्क्रू ४ न्यूटन मीटरवर. पुढच्या स्क्रूला काटा आता दोन शतांश हलतो. कागदाची पट्टी सरळ आत जाते. फोटो काढला.

२१ डिसेंबर, रविवार

काडतुसं मुद्दाम त्याच लॉटची ठेवली होती. पॉइंट टू टूची काडतुसं रिमफायर, पेटणारा मसाला काडतुसाच्या कडेतच भरलेला असतो, घरी भरून बघायची सोय नाही. जो लॉट रायफलीला आवडतो तो जपायचा. लॉटही बदलला असता तर कशाने सुधारलं ते कळलंच नसतं.

बॅरल साफ केलं होतं, म्हणून पहिल्या दहा गोळ्या मोजल्या नाहीत. मग साइट सहा क्लिक डावीकडे. मग ग्रुप: १५ मिलीमीटर, १३, १९, १४. एकोणीसमधली ती एक गोळी माझी. सुटतानाच कळलं होतं.

परत येताना पंचवटीत थांबले. रायफल न्यायचा प्रश्नच नव्हता, फोन दाखवला. काकांनी टार्गेटकडे बघितलंही नाही. दोन बोटांनी बैठकीचा फोटो मोठा केला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"ताई, माझ्या अक्रोडाच्या कामात पुट्टी भरली?"

मग सगळं सांगावं लागलं. बैठक, स्क्रू, जेमतेम मिलीमीटरभर लाकूड. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मग द्यायच्या वेळी खूण करून द्यायची ना. इथपर्यंत घासा, इथं हात लावू नका. खुणेच्या आत आम्ही जात नाही."

ड्रॉइंगशिवाय जॉब पाठवला म्हणून मी गेल्याच महिन्यात एका पोराला मेमो दिलाय.

काकांच्या कानावर पेन्सिल होती. जुलैतही असणार.