मांडणशिल्पाची नोंद : खुंटी रद्द, बाक उभा, कोपरातून आवाज लागला

आजोबा, बाबा आणि मी, तिघांच्या कामाच्या टेबलांचं मांडणशिल्प करतोय. मागच्या नोंदीपर्यंत नुसती मापं होती. आता तिन्ही टेबलं उभी आहेत, मधल्यात आवाज बसलाय, आणि छताची खुंटी कायमची रद्द केली आहे. आधी खुंटीचं सांगतो.

बाबांचा बॉयलरसूट छतापासून टांगायचा आणि खालून एकच दिवा मारायचा, असा मूळ बेत होता. टांगून पाहिला. रिकामा कपडा हवेत लटकला की आपोआप हुतात्मा दिसायला लागतो. बाबा हुतात्मा नाहीत. निवृत्त टर्नर आहेत, म्हणजे लेथ या कातयंत्रावर काम करणारे, आणि अजून रोज कशावर तरी कुरकुरतात. शिवाय कष्टकरी बापाचा रिकामा कपडा टांगणं इतकं होऊन गेलंय की बघणारा दारातून आत येतानाच हळवा व्हायच्या तयारीत असतो. हजेरीच्या पंचिंग घड्याळाचा बेतही सोडला. तेहचिंग श्ये या कलाकाराने १९८०-८१ मध्ये न्यूयॉर्कला वर्षभर दर तासाला, रात्रीसुद्धा, कार्ड पंच केलं. ८,७६० पैकी फक्त १३३ वेळा चुकले. त्यानंतर आपण भिंतीवर घड्याळ लावणं म्हणजे शोभेची वस्तू.

मग उरतं काय? उंची. हाताने रंधा मारायचा असेल तर बाक हात खाली सोडून उभ्या माणसाच्या मुठीच्या पातळीला लागतो, म्हणजे अंगाचा भार वरून देता येतो. लेथच्या स्पिंडलची, म्हणजे काम फिरवणाऱ्या दांड्याची, मध्यरेषा साधारण कोपराच्या पातळीला हवी. आणि लिहायचं टेबल बसलेल्या माणसाच्या कोपराला. आजोबा सुतार, बाबा टर्नर, मी दिवसभर संगणकापुढे. तिघांच्या कामाची तीन टेबलं, ज्याची त्याच्या मापाची, एका ओळीत. वस्तू कमीत कमी. बघणाऱ्याला प्रत्येक टेबलाशी आपलं अंग जुळवून घ्यावं लागतं, आणि खरं शिल्प ते अंगच.

आजोबांचा बाक अस्सल आहे, ७१ सेंटिमीटर. त्यांचा उभा फोटो घरात नाही, पण बाकावरून माणूस मोजता येतो: मूठ इथे, म्हणजे खांदा साधारण तिथे. बाकाची पुढची कड एका जागी आत गेली आहे, मांडी टेकून टेकून. तिथे लाकूड इतकं गुळगुळीत झालंय की पॉलिश मारलेलं वाटावं. साफसफाई करताना त्या जागेला हात लावलेला नाही. बाकीच्या फळीवर फक्त मेण. करवतीचे व्रण, सरसाचे डाग, सगळं तसंच.

आता मधलं टेबल. सगळा वेळ याच्यातच गेला.

बाबा घरात बोलत नसत. हाक मारली तर अर्ध्या वेळा ओ नाही. कडक माणूस, असं सगळे म्हणायचे आणि त्यात कौतुकच असायचं. पुरुषाने असंच असावं, कमी बोलावं, लगेच हो म्हणू नये. मीही शाळेत ते मिरवलंय. निवृत्तीनंतर कानाची तपासणी झाली तेव्हा आलेखात ४,००० हर्ट्झपाशी खड्डा होता. गोंगाटाने कान जातो तो आधी तिथेच जातो. लेथ एकटा एवढा आवाज करत नाही, पण शेडमध्ये शेजारी पॉवर प्रेस, म्हणजे पत्र्यावर ठोका मारणारी यंत्रं, होते. ८५ डेसिबलला ८ तास ही निओश या अमेरिकी कामगार-आरोग्य संस्थेची मर्यादा, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८८ ला ४ तास, ९१ ला २. कानात बोळे घालणं हे त्या शेडमध्ये नवशिक्याचं लक्षण समजलं जायचं. म्हणजे पुरुष म्हणून घातलं नाही, आणि त्यामुळे जे गेलं त्यालाही आम्ही पुरुषीपणाच म्हणत बसलो. हे शिल्प मला त्यासाठीच करायचं आहे.

तांत्रिक बाजू अशी. त्या पट्ट्यातले आवाज गेले की स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात; स, श, फ आधी. कोणीतरी बोलतंय एवढं कळतं, काय बोलतंय ते नाही. आईला आणि बहिणीला घरातली रोजची वाक्यं बोलायला लावली. सगळ्यांत उपयोगी पडलं ते बहिणीचं: "शाळेच्या कागदावर सही हवीय, सहाच्या आत." इक्वलायझरवर, म्हणजे आवाजाची एकेक पट्टी कमीजास्त करायच्या साधनावर, ४ किलोहर्ट्झला खोल खड्डा दिला, त्याच्या वरचंही उतरतं ठेवलं. हेडफोनवर ऐकलं तर जुन्या टेलिफोनसारखं लागतं. गंमत वाटते, जीव अडकत नाही.

वाट सापडली ती लॉरी अँडरसन या कलाकार बाईंच्या १९७८ च्या हँडफोन टेबलमुळे. लाकडी टेबलावर कोपरं टेकायची, तळहात कानांवर दाबायचे, आणि टेबलातला आवाज हाताच्या हाडांतून डोक्यात येतो. मी अँगलची चौकट, वर ४० मिलिमीटरची सागवानी फळी, आणि फळीच्या खालून स्क्रूने आवळलेला एक्सायटर असं केलंय. म्हणजे पडदा नसलेला स्पीकर, जो ज्याला चिकटवाल त्यालाच थरथरवतो. कोपरांसाठी दोन उथळ खळगे कोरलेत, ३० सेंटिमीटर अंतरावर. आधी लोखंडी पत्रा लावून पाहिला होता, पण तो स्वतःच झणझणतो आणि बोलणं बुडवतो. लाकडात झणझण मरते. पायांखाली रबर, नाहीतर शेजारून कोणी चाललं तरी कानात धप्प होतं.

आणि मजा अशी की हातातून येताना वरच्या पट्टीचा आवाज आपसूक मरतो. मांस ते पिऊन टाकतं. त्यामुळे इक्वलायझरचा खड्डा जवळजवळ काढून टाकावा लागला. गाळणी तुमच्याच हाताची. हे बाबांच्या कानाचं हुबेहूब रूप नव्हे. त्यांची इजा आतल्या कानातल्या केसासारख्या पेशींची आहे, ती हाडातून ऐकून टळत नाही, आणि त्यांना मोठा आवाज एकदम असह्यही होतो, ते इथे दाखवता येत नाही. पण १०४ सेंटिमीटरवर कोपरं टेकायला वाकावं लागतं, लेथवर कामाकडे बघत वाकतात तसंच, आणि त्या वाकलेल्या अवस्थेत मागून मूल काहीतरी मागतंय आणि कळत नाही. एवढं पुरे.

बाबा येऊन बघून गेले. आवाजाबद्दल काही नाही. पंजा टेकवून म्हणाले, "हे दोन सूत खाली आहे." टेप लावला, खरंच दोन सूत, म्हणजे पाव इंचाचा फरक निघाला, कारण रबर दबलं होतं. पॅकिंग घातलं. मग त्यांनी स्वतःहून अंगठी काढून खिशात टाकली आणि पुन्हा पंजा टेकवला. लेथजवळ अंगठी, घड्याळ, हातमोजे, लांब बाह्या चालत नाहीत; फिरतं चक, म्हणजे काम पकडणारा जबडा, बोटासकट ओढून नेतं. ती सवय इतक्या वर्षांनीही गेलेली नाही. तेव्हा खळग्यांच्या शेजारी अंगठीच्या मापाची एक छोटी खोबण कोरली आहे. त्यात काही ठेवणार नाही.

तिसरं टेबल माझं, ७३ सेंटिमीटर, आणि ते अजून कच्चं आहे. कीबोर्ड ठेवला तर दुकानासारखं दिसतं. सध्या वर फक्त माझे बाहेरचा आवाज अडवणारे हेडफोन आहेत. कोणी हाक मारली तरी मला ऐकू येत नाही, आणि माझ्या बाबतीत तर पॉवर प्रेसही नाही. बायकोने हे टेबल बघून "हे बरोबर ठेवलंस" एवढंच म्हटलं. हेडफोन राहतील.

बॉयलरसूट टांगलेला नाही, पण गेलेलाही नाही. उलटा करून, आतली बाजू वर, मधल्या टेबलाच्या खालच्या फळीवर घडी घालून ठेवलाय. उलटा केल्यावर आईची शिवण दिसते. गुडघ्याला ठिगळावर ठिगळ आणि खिशाच्या तळाला दुहेरी टीप, कारण स्टीलपट्टीच्या टोकाने खिसा सारखा फाटायचा. थिएस्टर गेट्स या कलाकाराचे वडील छपरांचं काम करायचे, आणि गेट्स त्याच डांबराने चित्रं करतात, म्हणजे बापाची वस्तू मांडत नाहीत, बापाचं काम हातात घेतात. मला ते जास्त पटतं. म्हणून खिशाची एक फाटलेली बाजू अजून तशीच आहे, ती मी आईकडून टीप शिकून स्वतः शिवणार आहे.

राहिलेलं काम: प्रकाश. लेथवर असतो तसा वाकवता येणारा दिवा फक्त मधल्या टेबलाला, बाकी खोलीचा साधा उजेड. एक्सायटर तासभर चालला की गरम होतो, म्हणून ध्वनिफितीत मध्ये मध्ये शांतता टाकतोय. आणि माहितीची पाटी दाराशी लावायची नाही, बाहेर पडायच्या वाटेवर. बाबांच्या कानाच्या तपासणीचं आधी वाचलं तर लोक कोडं सोडवल्यासारखे कान लावतात, मला हवंय की त्यांनी आधी दोन-तीनदा "काय?" म्हणावं आणि वैतागावं.