रुसलेली बाई आणि लाल नदी

रविवारी रात्री नाशिकला पंचवटीत आत्याकडे मुक्काम होता, बाहेर पाऊस, झोप येईना म्हणून लॅपटॉपवर हिलरी स्वँक या नटीचा 'द रीपिंग' लावला, २००७ चा. आत्या म्हणे मीपण बघते, तू फक्त मधेमधे सांगत जा.

स्टोरी अशी की कॅथरीन नावाची बाई आधी मिशनरी असते, सुदानमध्ये दुष्काळ पडतो आणि तिथले लोक हिच्याच नवऱ्याचा आणि पोरीचा बळी देतात, मग देवबिव सगळं सोडून ही प्रोफेसर होते आणि जिथे चमत्कार झाला म्हणतात तिथे जाऊन तो खोटा पाडते. (आपल्याकडे अंनिसवाले करतात ना, तसंच.) मग लुईझियानातल्या एका खेड्यात नदी लाल होते आणि गावकरी एका लहान मुलीवर खापर फोडतात.

एक सीन मी दोनदा मागे नेऊन बघितला. बायबलमधली इजिप्तवरची दहा संकटं ती एका दमात उलगडते, शेवाळामुळे पाणी लाल, त्यात मासे मेले, बेडूक बाहेर पडून मेले, मग माश्या, मग जनावरांना रोग... इतकं भराभर बोलते ना, की हिने हे स्वतःला किती रात्री घोकून सांगितलं असेल असं वाटतं. आत्या म्हणाली, "ही नास्तिक नाहीये रे, देवावर रुसलीय." संपलं, माझा अख्खा रिव्ह्यू एका वाक्यात!

बाकी पिक्चर ठीकठाकच आहे, शेवटी आकाशातून आगबिग पडते, तिथे मला कंटाळा आला. शूटिंग चालू असताना कॅटरिना वादळ आलं म्हणून काम थांबवावं लागलं होतं, ते खरं वादळ जास्त भयानक असणार.

पण हिलरीबाईचं करिअर बघा राव. लहानपण ट्रेलर पार्कात, आईबरोबर लॉस एंजेलिसला आली तेव्हा सुरुवातीला दोघी गाडीतच झोपायच्या. पुढे 'बेव्हर्ली हिल्स ९०२१०' या सिरियलमधून काढून टाकलं, आणि लगेच 'बॉईज डोन्ट क्राय', मानधन फक्त ३००० डॉलर आणि हातात ऑस्कर! मग 'मिलियन डॉलर बेबी'. ऑस्करला नॉमिनेशन दोनच, आणि दोन्ही जिंकली. दोन ऑस्कर घेऊन असला पिक्चर का केला असं लोक म्हणतात, पण दुसरी कोणी असती तर तो शेवाळाचा सीन नुसता सायन्सचा तास झाला असता.

गंमत म्हणजे लाल नदी बघून मी, देव न मानणारा, पांघरूण ओढून बसलो होतो. आणि रोज गंगेवर (म्हणजे आमच्या गोदावरीवर) जाणारी आत्या शांतपणे शेंगा सोलत म्हणते, "त्यात काय एवढं, पहिल्या पुराला आपलीपण तांबूसच होते, माती असते ती. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की घाबरायचं."

मग म्हणाली, हिचा अजून कुठला आहे. 'द नेक्स्ट कराटे किड' आहे म्हटलं, १९९४ चा.

"मारामारी आहे ना? मग उद्या तो लाव."