तानपुऱ्याची जवारी आणि चोवीस बिटांचा प्रश्न

रागसंगीताचा डिजिटल संग्रह करणाऱ्याला कधी ना कधी ठरवावेच लागते की सीडीच्या दर्जाची फाइल पुरेशी मानायची, की २४ बिट आणि ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झच्या ‘हाय-रेझोल्यूशन’ आवृत्तीसाठी जास्तीचे पैसे मोजायचे. माझे मत असे आहे की ऐकण्यासाठी सीडीचा दर्जा पुरतो. फाइल कोणत्या मूळ मुद्रणावरून आणि कशी तयार झाली, याने मात्र फार मोठा फरक पडतो, आणि नेमकी तीच माहिती आपल्याला सहसा दिली जात नाही.

१९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीवर ध्वनीची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा (म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झने) घेतली जाते आणि प्रत्येक नोंद १६ बिटांची असते. नोंदींच्या या वेगाच्या निम्म्याहून कमी असलेली प्रत्येक कंप्रता, म्हणजे सुमारे २२ किलोहर्ट्झपर्यंतचा सगळा ध्वनी, त्यातून पुन्हा जसाच्या तसा उभा करता येतो. तरुण, निरोगी कानाची मर्यादा २० किलोहर्ट्झच्या आसपास असते आणि वयाबरोबर ती खालीच येते. दोन नोंदींमध्ये फट राहते आणि आवाज पायऱ्यापायऱ्यांचा होतो, हा समज जाहिरातींतल्या आकृत्यांनी पसरवला. यंत्रातून बाहेर पडणारी लहर अखंडच असते. बिटांच्या संख्येवरून सर्वांत मोठा आवाज आणि तळाची खरखर यांतले अंतर ठरते. १६ बिटांत ते सुमारे ९६ डेसिबल असते, तर जुन्या ॲनालॉग टेपवर साधारण ६० ते ७० डेसिबलच मिळत असे. त्यामुळे १९६०च्या दशकातली एखादी मैफल २४ बिटांत आणली, तरी जास्तीचे बिट टेपची खरखरच अधिक बारकाईने नोंदवत बसतात.

प्रयोगही याच दिशेने बोट दाखवतात. मेयर आणि मोरान या ध्वनिअभ्यासकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत, हाय-रेझोल्यूशन ध्वनी मध्येच सीडीच्या दर्जावर उतरवला असता नेहमीच्या आवाजाच्या पातळीवर श्रोत्यांना फरक ओळखता आला नाही. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ राइस यांनी २०१६ मध्ये १८ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अचूक ओळखण्याचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले, जे केवळ अंदाजाने ५० टक्के आले असते. प्रशिक्षित श्रोत्यांत मात्र ते ६० टक्क्यांच्या आसपास गेले. फरक शून्य आहे असे म्हणणे म्हणूनच योग्य होणार नाही. स्वतः पडताळायचे असेल, तर २४ बिटांची एकच फाइल घेऊन तिची सीडीच्या दर्जाची प्रत आपणच करावी आणि दोन्हींची आवाजाची पातळी तंतोतंत सारखी ठेवून, कोणती वाजते आहे हे न पाहता ऐकावे. पातळीची अट महत्त्वाची आहे, कारण किंचित मोठे वाजणारे नेहमीच जास्त चांगले वाटते.

खालच्या टोकाला मात्र फरक उघड ऐकू येतो. १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिटांच्या) एमपीथ्रीमध्ये, म्हणजे काही ध्वनी गाळून लहान केलेल्या फाइलमध्ये, विलंबित ख्यालाच्या सुरुवातीचा तानपुरा ऐकावा: षड्जाच्या तारेतून जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तारेला येणाऱ्या गुंजनामुळे, उमलणारे वरचे स्वर, जे एकामागून एक वर येऊन विरायला हवेत, ते एकमेकांत मिसळून थरथरल्यासारखे येतात आणि तबल्याच्या चाटीवरचा ‘ना’ बोथट होतो. ३२० केबीपीएसला हे जवळजवळ नाहीसे होते. संग्रहासाठी तरीही फ्लॅक (काहीही न गाळता ध्वनी आवळणारी फाइल) हीच घ्यावी, कारण तिच्यात मूळ सीडीतले काहीही गमावले जात नाही आणि जागा मात्र साधारण निम्मी लागते. (ब्लूटूथ हेडफोनवर ऐकणाऱ्यांनी १९२ किलोहर्ट्झसाठी पैसे मोजू नयेत; वाटेत ध्वनी पुन्हा आवळलाच जातो.)

फ्लॅक हे नाव पुरेसा पुरावा नव्हे, कारण एमपीथ्रीचीही फ्लॅक करता येते. ‘स्पेक’ या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल उघडली की कंप्रतांचे चित्र दिसते. कॅसेटवरून घेतलेल्या मुद्रणात वरच्या कंप्रता हळूहळू विरतात. १६ किलोहर्ट्झला चित्र सुरीने कापल्यासारखे सरळ रेषेत संपत असेल, तर ते बहुधा एमपीथ्रीतून आलेले असते.

याहून मोठे नुकसान होते ते ‘रिमास्टरिंग’च्या, म्हणजे जुन्या मुद्रणावर नव्याने प्रक्रिया करण्याच्या, नावाखाली. खरखर पुसताना तानपुराही पुसला जातो आणि आवाजाची पातळी सगळीकडे सारखी फुगवल्यामुळे मंद्रातली कुजबुज आणि तारसप्तकातली हाक एकाच जोराने ऐकू येतात. ७८ गतीच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) जुन्या तबकड्यांबाबत वेगाचा प्रश्न त्याहून गंभीर आहे, कारण सुरुवातीच्या अनेक तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांना मुद्रित झालेल्याच नव्हत्या. वेग सहा टक्क्यांनी वाढला की पांढरी एकची काळी एक होते, म्हणजे स्वर अर्ध्या स्वराने चढतो, तानांचा वेग वाढतो आणि गायकाच्या आवाजाचा पोतच बदलतो. हा दोष १९२ किलोहर्ट्झमध्येही तसाच राहतो.

जतनासाठी मात्र उच्च रेझोल्यूशन हवेच. इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहालयाच्या ‘ग्रेट ७८’ प्रकल्पात तबकड्या २४ बिट, ९६ किलोहर्ट्झमध्ये आणि वेगवेगळ्या जाडीच्या सुयांनी उतरवल्या आहेत. पुढे कोणी खरखर काढू लागला, तर त्याला तबकडीवरचा प्रत्येक ओरखडा स्पष्ट दिसायला हवा. आणि तबकडी उद्या फुटली, तर ही नोंदच मूळ ठरणार आहे.

म्हणून मी जुन्या सीडी शोधतो, विशेषतः पहिल्या आवृत्तीच्या, आणि पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउससारख्यांनी काढलेली मैफलींची मुद्रणे कोणाच्या कपाटात असतील, तर त्यांची चौकशी करतो. ध्वनिमुद्रिका कंपन्यांकडे माझी मागणी एवढीच आहे की प्रत्येक जुन्या मुद्रणासोबत मूळ टेप कोणती, मैफल किंवा स्टुडिओ कोणता, वेग कसा ठरवला आणि खरखर काढली की नाही, या चार गोष्टी छापाव्यात, आणि न पुसलेली प्रतही विकत मिळू द्यावी. त्या प्रतीसाठी, ती १६ बिटांची असली तरी, मी पूर्ण किंमत देईन.