स्पर्धा सोडून शाळेतच का?

"सर, एवढं राज्यापर्यंत पवून आलाय, आणि आता बारक्या पोरांना बुडबुडे काढायला लावूलालाय?" पालकसभा असो की बेळगावात शहापूरच्या बाजारातली गाठ, हा प्रश्न ठरलेला. मी स्पर्धा सोडून शाळेत पोरांना पवायला शिकवतो ते का, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

मी बेळगावजवळच्या खानापूर भागातला. पाठीला डबा बांधून विहिरीत पवायला शिकलो. तिथे भीती मोडते, सूर मारता येतो, आणि मान वर काढून हात मारायची सवयही लागते. विहीर ती केवढी, चार हात मारले की पायरी. त्यामुळे ही सवय तिथे खपून जाते. २५ मीटरच्या टँकमध्ये तीच नडते. डोकं वर आलं की कंबर खाली जाते, पाय लोंबतात आणि निम्मी ताकद पाणी रेटण्यातच संपते. त्यात पोरगं श्वास कोंडून पवतं, अर्ध्यावरच धापा टाकतं. तोंड पाण्यात असतानाच श्वास सोडला, तर मान वळवल्यावर फक्त घ्यायचा उरतो. बुडबुडे त्यासाठी. निम्मी पोरं कन्नड बोलणारी, म्हणून काठावरून माझं "श्वास सोड!" आणि "उसिरु बिडु!" दोन्ही चालू असतं.

मला हे सांगणारा कोच भेटला तोवर मिसरूड फुटलं होतं. कर्नाटकाकडून उतरायचं तर बेंगळुरू, पाचशे किलोमीटर. कोल्हापूर शंभर-सव्वाशेवर, पण राज्य दुसरं. त्याच कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं २००८ साली बीजिंग ऑलिंपिक गाठलं, २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य आणलं. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

दहा-अकरा वर्षांच्या पोराची मान अजून ऐकते. पुढे मान वर काढायची सवय मोडायलाच दोन हंगाम जातात. म्हणून शाळा.

परवा एक पोरगं ब्रेस्टस्ट्रोकमध्ये सगळ्यांच्या पुढे होतं, पण भिंतीला एकच हात लावला. नियमानं दोन्ही एकदम लागावे लागतात, नाहीतर बाद. "सर, पयला तर मीच आलो की!" आला होता खरा. बाद केलाच.

आणि विहीर बंद करा असं मी कुठं म्हणतोय? रविवारी जाऊ द्या, काठावर पवता येणारं मोठं माणूस असू दे. जून लागला की मलप्रभा नदीकडे मात्र पाठवू नका.