इलेक्ट्रिक गिटार, आणि आतून पोकळ?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो. गणपतीत मंडळाच्या मंडपात, एखाद्या रिसेप्शनला, सांगलीच्या विश्रामबागेत चहाच्या टपरीवर माझ्या पाठीवरची जाडजूड केस पाहून लोक ती उघडायला लावतात, आणि मग प्रश्न ठरलेला असतो: "इलेक्ट्रिक आहे ना ही? मग आतून पोकळ कशाला?"

प्रश्न अगदी रास्त आहे. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. गिटारची पोलादी तार त्याच्यावर थरथरली की वेढ्यांत वीज तयार होते आणि ती अ‍ॅम्पकडे, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या यंत्राकडे जाते. पिकअपला मुख्यतः तारेची हालचालच कळते, आतली हवा नाही. मग हे एवढं मोठं पोट, फुगीर पाठ, व्हायोलिनला असतात तशी एफच्या आकाराची दोन भोकं, हे सगळं कशासाठी?

इतिहासाचं उत्तर आधी देतो. पोकळ गिटार आधी होती, वीज तिच्याकडे नंतर आली. अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या कॅलामझू गावी ऑरव्हिल गिब्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हायोलिनच्या धर्तीवर लाकूड कोरून फुगीर केलेली मँडोलिन आणि गिटारी बनवायला सुरुवात केली. १९०२ मध्ये त्यांच्या नावाची कंपनी निघाली. पुढे १९२२ च्या सुमारास याच कंपनीत लॉइड लोअर यांच्या देखरेखीखाली एल-५ ही गिटार आली आणि आज आपण जिला आर्चटॉप, म्हणजे कमानदार फळीची गिटार म्हणतो, तिचं रूप तिथे ठरलं. त्या काळच्या नाचाच्या बँडमध्ये ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोनपुढे साध्या गिटारीचा पाड लागत नव्हता. आर्चटॉपचा सूर टोकदार, त्यामुळे तो त्या गलबल्यातून वाट काढायचा. फ्रेडी ग्रीन १९३७ पासून जवळजवळ पन्नास वर्षं काउंट बेसी यांच्या बँडमध्ये अशी गिटार वीज न लावता वाजवत राहिले. प्रत्येक मात्रेवर एक कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले काही स्वर, बस. सोलो जवळपास नाहीच. संगत म्हणजे काय हे मला त्यांच्या हातावरून कळलं, आणि आपल्याकडच्या चांगल्या तबलजींना ते ऐकवलं की त्यांनाही लगेच कळतं.

१९३६ मध्ये गिब्सनने ईएस-१५० आणली. आर्चटॉपच, फक्त तिला पिकअप बसवलेला. ओक्लाहोमा सिटीत वाढलेला चार्ली ख्रिश्चन हा पोरगा १९३९ मध्ये असली गिटार घेऊन क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन यांच्या बँडमध्ये गेला आणि सॅक्सोफोनने घ्यावात तशा लांबलचक ताना त्याने गिटारीवर घेतल्या. क्षयाने १९४२ मध्ये तो गेला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. त्याच्यानंतर जॅझमध्ये गिटार मागच्या रांगेत बसली नाही. लाकडाचा सलग ठोकळा असलेली सॉलिड बॉडी गिटार फेंडर कंपनीने बाजारात आणली ती १९५० मध्ये. म्हणजे विजेच्या गिटारीने सगळी बोलण्याची ढब पोकळ अंगावरच शिकून घेतली होती.

पण इतिहास हे काही गिटार विकत घ्यायचं कारण होत नाही. माझं खरं उत्तर मिरजेत आहे.

सांगली आणि मिरज म्हणायला दोन गावं, महानगरपालिका एकच. मिरजेत सतारी आणि तानपुरे घडवायची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतले फरीदसाहेब या कामाकडे वळले आणि पुढे पिढ्यान् पिढ्या ते चालत आलं. अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. माझी गिटार मी तिथल्या एका बुजुर्ग कारागिरांकडे घेऊन गेलो होतो. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या पायांखाली फट दिसत होती, ती भरून निघावी एवढंच काम होतं. चाचांनी आर्चटॉप पहिल्यांदाच हातात घेतली असावी. त्यांनी बोटाच्या पेराने वरची फळी चार ठिकाणी ठोकून ऐकली, गिटार डोळ्यांच्या पातळीवर धरून फुगवटा पाहिला आणि म्हणाले, "ही तर तबली आहे. आणि लंगोट खाली लावलाय."

तबली म्हणजे तानपुऱ्याची वरची फळी, आणि लंगोट म्हणजे बुडाशी तारा बांधायची पट्टी. हे ऐकून मला झालेला आनंद अजून ताजा आहे, कारण आर्चटॉपचं मर्म त्यांनी एका नजरेत सांगितलं होतं. दुकानात मिळणाऱ्या साध्या सपाट गिटारीत घोडी वरच्या फळीला चिकटवलेली असते आणि तारा तिथेच अडकवलेल्या असतात. त्यामुळे तारा फळीला सतत वर उचलू पाहतात, आणि वर्षानुवर्षांनी घोडीमागे पोट सुटतं. आर्चटॉपमध्ये तारा घोडीवरून पलीकडे जातात आणि गिटारीच्या बुडाशी टेलपीसला बांधलेल्या असतात. घोडी चिकटवलेलीच नसते. तारांच्या दाबाने ती जागेवर उभी राहते आणि तो दाब खाली, कमानीवर पडतो. कमान दाब झेलते आणि फळी पातळ असूनही टिकते. तानपुऱ्याच्या तारा अशाच घोडीवरून उतरून लंगोटाला बांधलेल्या असतात, आणि घोडीखालची तबली अशीच हलका फुगवटा देऊन घडवलेली असते. कॅलामझूच्या कारागिरांनी स्प्रूस या लाकडाची जाड फळी कोरून जे केलं, त्याच्या अगदी जवळचं काम आमच्या शेजारच्या गल्लीत रोज चाललेलं असतं.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. पिकअपला फक्त तार कळते, हे मान्य. पण तार कशी थरथरेल हे ती कशावर उभी आहे त्यावर ठरतं. जड ठोकळ्यावर टेकलेली तार आपली शक्ती सहजासहजी सोडत नाही, म्हणून सॉलिड बॉडीचा सूर लांबच लांब टिकतो. पातळ, कोरलेल्या फळीवर टेकलेली तार तीच शक्ती पटकन फळीला देऊन टाकते. फळी ती हवेत सोडते, थोडी तारेला परतही करते. त्यामुळे आर्चटॉपचा सूर उठतो तो ठसठशीत, त्याच्या सुरुवातीला लाकडाची थाप असते, आणि मग तो लवकर मावळतो. तारेच्या चालीतच लाकूड उतरलेलं असतं, आणि पिकअप तीच चाल अ‍ॅम्पपर्यंत नेतो.

गंमत अशी की घडण तानपुऱ्याच्या इतकी जवळची असून दोन्ही वाद्यांचा हेतू उलटा आहे. तानपुऱ्याची घोडी रुंद, तिच्यावर जवारी काढलेली. तार तिला हलकेच घासत राहते आणि नाद पसरत जातो, एकात एक मिसळत जातो. आर्चटॉपच्या घोडीला कड असते. तार तिथून स्पष्ट सुटते, सूर आपलं म्हणणं मांडतो आणि पुढच्यासाठी जागा मोकळी करतो. जॅझमधले कॉर्ड चार-चार, पाच-पाच स्वरांचे, त्यातले दोन स्वर कधी अगदी खेटून बसलेले. सूर फार टिकला तर त्यांचा चिखल होतो. आर्चटॉपवर प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येतो. आणि वाजवणाऱ्याला एका सुरावर रेलून बसता येत नाही. हा संपायच्या आत पुढचा काय, ते ठरवावंच लागतं. मला हे बंधन मनापासून आवडतं. ज्याला एकच सूर खेचून रडवायचा आहे त्याने खुशाल सॉलिड बॉडी घ्यावी, ते संगीतही थोर आहे. पण मला गप्पा मारणारं वाद्य हवं होतं.

वेस मॉन्टगोमेरी ऐका म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. इंडियानापोलिसचे वेस दिवसा कारखान्यात काम करायचे आणि रात्री क्लबांत वाजवायचे. घरच्यांना आणि शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) बाजूला ठेवून अंगठ्याने वाजवायची सवय लागली, असं सांगतात. त्या अंगठ्याचा मऊ, भरीव आवाज आणि त्यांची एल-५ या दोन गोष्टी आता वेगळ्या काढता येत नाहीत. एकच स्वर दोन सप्तकांत एकदम वाजवत ते अख्खी चाल नेतात. १९६८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते गेले.

"आपल्या संगीताशी याचा काय संबंध?" हा प्रश्नाचा दुसरा भाग सहसा घरची मोठी माणसं विचारतात. त्यांना मी ब्रिजभूषण काब्रा यांचं नाव सांगतो. १९६७ मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत गिटार वाजवणारे तेच. त्यांची गिटार म्हणजे गिब्सनची सुपर ४००, तब्बल अठरा इंच रुंदीची आर्चटॉप. तारा उंच करून, आडवी ठेवून तिच्यावर ते राग वाजवायचे. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणाही आर्चटॉप गिटारीवरूनच घडलेली. तिला वीसच्या आसपास तारा, त्यांतल्या बारा तरफेच्या, म्हणजे इतर तारांबरोबर आपोआप घुमणाऱ्या. एवढ्या तारांचा ताण सपाट फळीवर चिकटवलेल्या घोडीला पेलवणं कठीण. इथे पुन्हा कमान आणि टेलपीस कामाला येतात. अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्याबरोबरच्या भट्टांच्या ध्वनिमुद्रिकेला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं. तेव्हा आपल्या रागसंगीताने जगातल्या गिटारींमधून हीच जात जवळ केली, हे मी अभिमानाने सांगतो.

पोकळपणाची किंमत आहे, तीही सांगायला हवी. आवाज वाढवला की स्पीकरच्या लाटा त्या पातळ फळीला हलवतात, फळी तारांना हलवते, तेच पुन्हा स्पीकरमधून येतं आणि गिटार हुंकारायला लागते. मोठ्या साउंड सिस्टिमच्या शेजारी उभं राहून ही वाजवता येत नाही. यावर उपाय निघत गेले. १९४९ मध्ये ईएस-१७५ आली, तिची फळी कोरलेली नव्हती, लाकडाचे पातळ पत्रे चिकटवून दाबलेली होती. कमी घुमते, कमी हुंकारते, आणि स्वस्तही. जो पास आणि जिम हॉल या जॅझ गिटारवादकांच्या हातात ती कितीतरी वर्षं होती, त्यामुळे ‘प्लायवूड’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्या दोघांना ऐकवतो. १९५८ मध्ये ईएस-३३५ आली, तिच्या पोटातून मधोमध लाकडाचा ठोकळा जातो. उत्तम गिटार आहे, माझ्या एका वाजवणाऱ्या मित्राकडे आहे, पण मला त्या ठोकळ्यापाशी आर्चटॉपचा श्वास अडल्यासारखा वाटतो. तो मित्र हे मान्य करत नाही आणि दर रविवारी हा वाद नव्याने होतो.

रविवारी आम्ही चार-पाच जण जमतो. कुणी बँकेत, कुणी हळदीच्या पेढीवर, एक ताई शाळेत शिकवतात आणि आमच्यात सगळ्यांत चांगलं कानावर घेऊन वाजवतात. अ‍ॅम्प एकच, तोही लहान, आवाज एवढाच की तारांचा मूळ आवाज आणि स्पीकरचा आवाज खोलीत एकमेकांत मिसळावा. हे मिश्रण फक्त आर्चटॉपवरच मिळतं, आणि रेकॉर्डिंगमध्ये ते बहुतेक हरवतं. त्यासाठी खोलीतच बसावं लागतं. गिटारी एकमेकांच्या मांडीवर फिरतात. तिसरी तार वर बारीक तार गुंडाळलेली हवी की साधी, यावर चहा थंड होतो. मी गुंडाळलेलीच्या, तीही सपाट गुंडाळीच्या तारेच्या बाजूचा: बोट सरकताना चरचर होत नाही आणि घोडी सरकवून सूर जुळवताना सगळ्या तारा एका रांगेत येतात.

आता या सगळ्यामुळे कुणाला घ्यावीशी वाटली, तर सांगलीची हवा लक्षात ठेवा. इथे चैत्र-वैशाखात लाकूड सुकतं आणि कृष्णा फुगली की तेच लाकूड पाणी पितं. कोरलेली स्प्रूसची फळी दोन्ही ऋतूंत हलते, घोडीची चाकं वर-खाली फिरवून तारांची उंची पुन्हा जुळवावी लागते. २०१९ च्या महापुरानंतर आमच्यापैकी कुणी वाद्य तळमजल्यावर ठेवत नाही. पहिली आर्चटॉप दाबलेल्या पत्र्यांची घ्या. आयबानीझची आर्टकोर मालिका २००२ पासून निघते आहे आणि तिच्यामुळे ही जात आमच्यासारख्या पगारदारांच्या आवाक्यात आली. जुनी घेत असाल तर घोडीचे दोन्ही पाय फळीला पूर्ण टेकलेत का ते कागदाची पट्टी सरकवून पाहा. एफ-होलमधून मोबाइलचा दिवा आत टाका आणि फळीखालच्या दोन लांब पट्ट्या कुठे सुटल्या आहेत का ते बघा. फळीवर पेराने ठोका. कुठे खडखड आली तर सांधा सुटलाय. आणि तारा बदलताना सगळ्या एकदम काढू नका, एकेक काढून एकेक लावा, नाहीतर घोडी जागेवरून निसटेल आणि सूर पुन्हा पहिल्यापासून जुळवावा लागेल.