शॉज रोडवरची नऊ मुलं

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या चार दिवसांपैकी तीन दिवसांचं सांगण्यासारखं फार नाही. टायटॅनिकचं संग्रहालय पाहिलं, जायंट्स कॉजवेला जाऊन आलो, पाऊस पडत राहिला. चौथ्या दिवशी नवरा आणि लेक खरेदीला गेले आणि मी एकटीच ग्लायडर बस धरून फॉल्स रोडला उतरले.

आदल्या दिवशी टॅक्सीच्या सहलीत हाच रस्ता पाहिला होता. चालकाने भिंतींवरची चित्रं दाखवली, कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्षाच्या काळात कुठे गोळीबार झाला, कुठे घरं जळाली ते सांगितलं. दीड तासात इथल्या आयरिश भाषेच्या शाळांबद्दल मात्र एक शब्द नाही. मला अजून त्याचा राग येतो. एवढ्या धगीत लोकांनी जे उभं केलं, तेही दाखवायला नको?

फॉल्स रोडवर कुल्टूरलान आहे. पूर्वी ते प्रेस्बिटेरियन चर्च होतं, १९९१ पासून आयरिश भाषेचं केंद्र. आत पुस्तकांचं दुकान, गरम सूप आणि चहूकडे आयरिश बोलणं. दाराशी एक आजी घरी केलेले केक मांडून बसल्या होत्या, शेजारी पैशांचा डबा. नीस्कलसाठी, म्हणाल्या. नीस्कल म्हणजे तीनेक वर्षांच्या मुलांची आयरिश बालवाडी. मी केक घेतला आणि सहज म्हटलं, मँचेस्टरला मी दर रविवारी मराठीची शाळा घेते. झालं! त्यांनी शेजारची खुर्ची माझ्याकडे ओढली.

१९६९च्या सुमाराला मोजक्या कुटुंबांनी शॉज रोडवर स्वतःची घरं बांधली, मुलं आयरिशमध्ये वाढावीत म्हणून. 'ना हाबर ए, जेन ए' हे त्यांचं ब्रीद: बोलू नका, करा. १९७१ मध्ये त्यांनी बुनस्कल, म्हणजे प्राथमिक शाळा, काढली. मुलं नऊ. सरकारने मदत दिली ती १९८४ मध्ये. मधली तेरा वर्षं शिक्षकांचे पगार, कोळसा, खडू, सगळं लोकवर्गणीतून. "डबा घेऊन मीही फिरलेय," आजी म्हणाल्या. तुमची मुलं होती का त्या शाळेत, मी विचारलं. त्या हसल्या. "मुलं? तेव्हा माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं."

हे वाक्य मला लागलं. आमच्या रविवारच्या शाळेत ज्याचं मूल, त्याचेच पैसे. हॉलचं भाडं भागिले मुलं, असा सरळ हिशोब. मँचेस्टरमध्ये मराठी घरं कितीतरी आहेत, पण ज्यांची मुलं मोठी झाली किंवा ज्यांना मुलंच नाहीत, त्यांच्याकडे मी कधी गेलेच नाही. लाज वाटायची. गणपतीची वर्गणी मागताना मात्र वाटत नाही.

आता तिथली परिस्थिती बरी आहे. हा संघर्ष थांबवणाऱ्या १९९८च्या शांतता करारानंतर आयरिश माध्यमाला उत्तेजन देणं ही सरकारची जबाबदारी ठरली आणि २००१ मध्ये इंतीवस ना गेलस्कुलीख्ता हा विश्वस्त निधी उभा राहिला. सरकारी मान्यतेच्या अटींत न बसणाऱ्या नव्या शाळांना तो हात देतो. तरी डबा सुटलेला नाही. लहान बालवाड्या पालकांच्या समित्या चालवतात आणि कुठे ना कुठे पैसे कमी पडतातच.

दुपारी शॉज रोडला गेले. बुनस्कल फोबल फेर्श्ते, तीच ती शाळा. सुटायची वेळ होती. दप्तरं सावरत पोरं भराभर बाहेर येत होती, एकमेकांवर ओरडत होती, काही आयरिशमध्ये. फाटकापाशी मी मोजायला लागले आणि नऊनंतर सोडून दिलं.

निघताना आजींनी विचारलेला प्रश्न मात्र विमानात बसेपर्यंत मनात होता. "तुमच्याकडे ज्यांना भाडं परवडत नाही, त्यांची मुलं काय करतात?"

गेल्या वर्षी दोन मुलं यायची थांबली. का, ते मी विचारलं नव्हतं. घरी आल्यावर पहिला फोन त्यांच्या आईला केला.