अण्णांच्या पट्टीवरची उलटी टी

बावीस वर्षं मी इसीजी काढतेय, पण वडिलांच्या छातीवर लीड लावताना हात थरथरला तो त्या दिवशीच.

अण्णा पर्वती चढून घरी आले, सहकारनगरला, आणि चहाचा कप हातात असतानाच डोकं धरून खाली बसले. ‘डोक्यात काहीतरी फुटलं गं,’ म्हणाले. मग उलट्या. दादाने रिक्षाने थेट माझ्याच हॉस्पिटलात आणलं.

मशीनमधून पट्टी बाहेर आली आणि माझ्या पोटात गोळा आला. छातीवरच्या व्ही टूपासून व्ही सिक्सपर्यंतच्या लीडमध्ये टी वेव्ह, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या शेवटच्या लाटा, उलट्या, खोल आणि रुंद. क्यूटी, म्हणजे क्यू लाटेपासून टी लाट संपेपर्यंतचा वेळ, मोजला तर साडेतेरा छोटे चौकोन, म्हणजे 540 मिलिसेकंद. नाडी 60 होती, त्यामुळे नाडीच्या वेगानुसार करायचं दुरुस्तीचं गणितही करायला नको. पुरुषांत 450 च्या वर गेला तरी आम्ही डॉक्टरांना सांगतो. दादा मागून म्हणाला, ‘अटॅक आहे ना?’ मलाही तसंच वाटलं होतं.

पण डॉक्टरांनी आधी डोक्याचा सिटी स्कॅन करायला लावला. ब्रेन हॅमरेज होतं, मेंदूच्या आवरणाखाली रक्त पसरलेलं. अटॅक समजून रक्त पातळ करणारं औषध दिलं असतं तर काय झालं असतं, हा विचार आजही नको वाटतो.

मेंदूला असा धक्का बसला की हृदयाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रिनॅलिन या ताणाच्या रसायनाचा लोंढा सुटतो. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशी पुन्हा चार्ज होतात. टी वेव्ह म्हणजे त्याचीच रेघ, आणि नेमकं तेच बिघडतं. हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या असूनही पट्टी अशी येऊ शकते. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या पेशींना इजा झाल्यावर रक्तात उतरणारं प्रथिन, तेसुद्धा वाढू शकतं, अण्णांचं थोडं वाढलंच होतं. न्यू ऑर्लिन्सच्या बर्च आणि सहकाऱ्यांनी 1954 मध्येच स्ट्रोकच्या पेशंटांमधल्या या पट्ट्यांबद्दल लिहून ठेवलंय. मी मात्र ते अण्णांच्या निमित्ताने वाचलं, याचं वाईट वाटतं.

म्हणजे हृदय सुखरूप होतं असंही नाही. क्यूटी इतका लांबला की ठोक्यांची लय अचानक, जीवघेणी बिघडू शकते. उलटीवर नेहमी देतात ते ऑन्डान्सेट्रॉनही क्यूटी वाढवतं, म्हणून डॉक्टरांनी ते टाळलं. पोटॅशियम, मॅग्नेशियम पुन्हा पुन्हा तपासलं. अण्णा आयसीयूत मॉनिटरवर, आणि मी काचेबाहेरून हिरव्या रेघेकडे बघत उभी. घरातल्या कुणाला स्ट्रोक झाला तर इसीजी आणि मॉनिटरबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा, ‘आजार तर डोक्याचा आहे’ म्हणून गप्प बसू नका.

मेंदूतली फुगलेली रक्तवाहिनी कॉइल घालून बंद केली. दीड महिन्याने फॉलोअपला मीच पुन्हा लीड लावले. टी सरळ झाली होती. इसीजीचा कागद काही वर्षांत पुसट होतो, म्हणून दोन्ही पट्ट्यांची त्याच दिवशी झेरॉक्स काढली आणि अण्णांच्या फाइलमध्ये लावली.